रात्रीची भूक दिवसा तयार होते

गेल्या सव्वा वर्षात माझं वजन ७४ किलोवरून ६६ वर आलं. लोकलच्या लेडीज डब्यातल्या मैत्रिणी विचारतात, कुठलं डाएट केलंस? मी सांगते, सकाळचं आणि संध्याकाळचं खाणं वाढवलं. यावर कुणाचाच पटकन विश्वास बसत नाही. खाणं वाढवून वजन उतरतं होय? म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलंय. दिवसभर जेमतेम खाणारी आणि रात्री साडेदहानंतर स्वयंपाकघरात एकेक डबा उघडणारी माणसं घरोघरी आहेत. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला फक्त जिभेवर ताबा नाही असं वाटत असतं. मला त्यांना सांगायचंय की प्रश्न जिभेचा नाही, दिवसाचा आहे.

माझं वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर. राहायला कल्याणला, नोकरी फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला. सकाळी सव्वापाचला उठायचं, चौघांचं बघून तीन डबे भरायचे, साडेसातला घर सोडायचं. संध्याकाळी घरी यायला पावणेआठ. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ही रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझ्या आईला मधुमेह होता आणि तिचे शेवटचे दिवस मी जवळून पाहिलेत. त्यामुळे रिपोर्ट पर्समध्ये घालून त्याच संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी कंबर मोजली. ९८ सेंटिमीटर. भारतीय बायकांसाठी कंबर ८० च्या आत हवी, पुरुषांसाठी ९० च्या आत. आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोसुद्धा आपल्याकडे २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात, हे मला तिथे कळलं. परदेशी तक्त्यात हेच आकडे २५ आणि ३० आहेत. आपल्या लोकांच्या पोटात, आतल्या अवयवांभोवती, कमी वजनातही चरबी साठते आणि साखर लवकर बिघडते, म्हणून आपला तक्ता वेगळा. माझा बीएमआय २९.६ होता.

मग त्यांनी विचारलं, “किती वाजता खाता?” काय खाता हे त्यांनी नंतर विचारलं, आधी वेळ. मी सांगायला लागले तसे ते लिहून घेत गेले. पुढचा प्रश्न होता, “रात्री झोपेतून उठून खाता का? खाल्ल्याशिवाय पुन्हा झोप लागत नाही, असं होतं का?” माझं तसं होत नव्हतं. पण हा प्रश्न का विचारला ते त्यांनी नीट समजावलं, आणि ते इथे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. रात्रीच्या खाण्याचा एक आजारच आहे. अल्बर्ट स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५५ साली त्याचं वर्णन केलं. सकाळी भूकच नसते, दिवसभराच्या खाण्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग रात्रीच्या जेवणानंतर खाल्ला जातो, झोप मोडते, आठवड्यातून दोनदा तरी उठून खाल्लं जातं, आणि सोबत बऱ्याचदा उदासपणा असतो. यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत. झोपेच्या काही गोळ्यांमुळेही माणूस अर्धवट झोपेत उठून खातो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. असं कुणाच्या घरात होत असेल तर चेष्टा करू नका, रागावू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

माझ्यात यातली पहिली दोन लक्षणं होती, बाकीची नव्हती. थायरॉइड, बी-१२ तपासलं, घोरते का हेही विचारलं. मग त्यांनी आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी पहिल्या भेटीत काहीही बंद करायला सांगितलं नाही. दोन आठवडे फक्त लिहा म्हणाल्या. जे पोटात जाईल ते, किती वाजता, बसून की उभ्याने, आणि त्या क्षणी काय चाललं होतं. मुलाची जुनी वही घेतली आणि लिहीत गेले. त्यातलं एक पान जसंच्या तसं देते.

सव्वापाच : चहा. सव्वासात : पुन्हा चहा, उभ्याने. दहा : ऑफिसचा चहा, दोन बिस्किटं. एक : दोन पोळ्या, दुधीची भाजी, तिसरी पोळी परत आणली. चार : चहा. पावणेआठ : घरी आल्यावर चहा, चार खारी बिस्किटं. साडेआठपासून स्वयंपाक करताना : शेंगदाणे, ओलं खोबरं, भाजीची चव. पावणेदहा : तीन पोळ्या, भाजी, आमटी-भात. पावणेअकरा, ओटा आवरताना : पातेल्यात उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी. सव्वाअकरा ते बारा, मोबाइल बघत : चिवडा दोन वाट्या, बेसनाचा लाडू, गोड झालं म्हणून पुन्हा थोडा चिवडा.

मॅडमनी लाल पेन घेतलं आणि संध्याकाळी साडेसातनंतरच्या प्रत्येक ओळीला गोल केला. पान खालच्या बाजूला लालेलाल झालं. हिशेब केला तर दिवसभरातल्या निम्म्याहून बऱ्याच जास्त कॅलरी साडेसातनंतर पोटात जात होत्या. तळलेल्या चिवड्या-फरसाणाच्या १०० ग्रॅममध्ये ५०० च्या आसपास कॅलरी असतात, मूठभर शेंगदाण्यात पावणेदोनशेच्या जवळपास. मग त्या म्हणाल्या, “तुम्ही दिवसभर शरीराला उपाशी ठेवता आणि रात्री ते आपलं मागून घेतं. तुमच्यात शिस्त नाही असं मला या वहीत कुठेच दिसत नाही.” हे ऐकून मला त्यांच्यासमोरच रडू आलं. इतकी वर्षं दर सोमवारी ‘आजपासून रात्री काही खाणार नाही’ असं ठरवणाऱ्या बाईला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्यांनी मला १५०० कॅलरींच्या आसपास आखून दिलं, त्यात प्रथिनं ६० ग्रॅम. अट एकच : सगळ्यात आधी सकाळ दुरुस्त करायची. रात्रीला हातही लावायचा नाही. रात्री जे खाताय ते खा, फक्त लिहीत राहा.

सकाळी खाणं मला फार जड गेलं. घास तोंडात फिरायचा, गिळवत नव्हता. सुरुवातीला नुसतं अर्धं केळं, तेही ऑफिसला पोहोचल्यावर. कल्याण स्टेशनवर पावणेआठला जी गर्दी असते तिच्यात उभं राहून काही खाणं शक्यच नाही, त्यामुळे नाश्त्याचा वेगळा छोटा डबा केला आणि साडेनऊला जागेवर बसल्या बसल्या तो आधी उघडायचा, संगणक नंतर, असं ठरवलं. दोन उकडलेली अंडी, किंवा मुगाचं धिरडं, किंवा आदल्या रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा, भरपूर कांदा आणि शेंगदाणे घालून. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस घाटकोपर गेलं आणि पोटात कावळे ओरडायला लागले. सकाळची खरीखुरी भूक! कॉलेजात असताना ती शेवटची आठवत होती. शेजारच्या मैत्रिणीला मी ते आनंदाने सांगितलं.

दुसरा बदल संध्याकाळचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक यानेच पडला. साडेपाचला, ऑफिसमधून निघायच्या आधी, एक वाटी मटकीची उसळ किंवा भिजवून उकडलेले चणे आणि ताक. दुपारी एकनंतर थेट रात्री पावणेदहापर्यंत, म्हणजे पावणेनऊ तास, मी चहा-बिस्किटांवर काढत होते. त्यात तासाभराहून जास्त वेळ लोकलचा प्रवास. घरी पोहोचायचे तेव्हा हातपाय थरथरायचे आणि समोर दिसेल ते तोंडात टाकलं जायचं. साडेपाचच्या त्या एका वाटीने घरी आल्यावरची खारी गेली, फोडणी देताना शेंगदाण्यांच्या डब्याकडे जाणारा हात थांबला, आणि रात्रीच्या तीन पोळ्यांच्या आपोआप दोन झाल्या. मी काही ठरवलं नव्हतं, मागावीशीच वाटली नाही.

याच सुमारास मी वाचायला लागले, कारण घड्याळाचा आणि वजनाचा खरंच संबंध आहे की नुसतंच सांगायचं म्हणून सांगतात, हे मला समजून घ्यायचं होतं. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०२२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जास्त वजनाच्या १६ जणांना तेच अन्न, तेवढंच अन्न, एकदा लवकरच्या वेळांना आणि एकदा सुमारे चार तास उशिरा दिलं. झोप, उजेड, हालचाल सगळं सारखं ठेवलं. उशिरा खाल्लं तेव्हा भूक वाढली, पोट भरल्याचं मेंदूला सांगणारं लेप्टिन दिवसभर कमी राहिलं, आणि शरीराने कॅलरीही कमी जाळल्या. मला यात माझी वही दिसली.

पण त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूचा एक मोठा अभ्यास आला, १३९ जणांचा, वर्षभराचा. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी दिल्या. एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खायचं, दुसऱ्याने कधीही. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे घड्याळात जादू नाही. खाणं मोजूनमापून मिळत असेल तर वेळेने वजनात फारसा फरक पडत नाही. मात्र घरी कुणी मोजूनमापून देत नाही. मला रात्री भूक जास्त लागायची म्हणून जास्त खाल्लं जायचं, आणि लवकर खाल्लं की भूकच कमी लागते म्हणून कमी खाल्लं जातं. या दोन अभ्यासांचा मी लावलेला अर्थ हा आहे, आणि माझ्या डॉक्टरांना तो पटला.

साखरेचं मात्र वेगळं आहे, तिला वेळ कळते. डॉक्टरांनी ग्लुकोमीटर वापरायला सांगितला होता, तेव्हा एका रविवारी मी मुद्दाम बघितलं. मोजून घेतलेला एक वाटी भात आणि तुरीची आमटी दुपारी एकला खाल्ली, दोन तासांनी साखर १३१. दुसऱ्या दिवशी रजा होती, तेवढाच भात आणि तीच आमटी रात्री दहाला खाल्ली. दोन तासांनी १६४. एका वेळच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण दिशा तीच होती जी संशोधकांनी सांगितली आहे : संध्याकाळनंतर शरीराची साखर हाताळायची ताकद उतरते, आणि झोपेचा संदेश देणारं मेलाटोनिन वाढलं की साखर उतरवणारं इन्सुलिन आणखी कमी पाझरतं. ते दोन आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहेत.

आता रात्रीच्या जेवणाची वेळ. पावणेदहाचं जेवण पावणेनऊला आणायचं, तर घर बरोबर हवं. सासूबाई ७४ वर्षांच्या. त्यांचं सगळं तरुणपण लालबागच्या चाळीत गेलं. सासरे गिरणीत होते, दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची, आणि मध्यरात्रीनंतर ताट वाढायचं ही त्या घराची रीतच होती. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, चाळ गेली, पण रात्री उशिरा पोटभर जेवून झोपायचं आणि कुणासाठी तरी झाकून ठेवायचं, हे आईंच्या हातात राहिलं. “उपाशी पोटी झोपू नये गं,” असं त्या मला म्हणायच्या, आणि त्यात माया असते. मी त्यांना माझा रिपोर्ट दाखवला. माझ्या आईचं काय झालं ते त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी घरी पोहोचायच्या आधी कुकर झालेला असायचा. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

कणीक मळायचं काम नवऱ्याने घेतलं. भाजी मी गाडीत निवडते. सीएसएमटीहून संध्याकाळी बसायला मिळतं, आणि आमच्या डब्यात मटार सोलणं, गवार मोडणं, मेथी निवडणं हे रोजचंच आहे. या तीन गोष्टींनी तास वाचला. मुलगा बारावीला, क्लासहून साडेआठला येतो, तोही आमच्याबरोबर बसायला लागला. चौघं एकत्र जेवायला लागलो हा लाभ वजनापेक्षा मला मोठा वाटतो.

आणि मग उरलंसुरलं. याबद्दल मला जरा ठामपणे बोलायचंय. आपल्याकडे पातेल्यात शेवटी राहिलेलं घरच्या बाईने संपवायचं, हे इतकं मुरलेलं आहे की ते खाणं कुणी खाणं म्हणून मोजतही नाही. डाव-दोन डाव भात, तळाची भाजी, कुणाच्या तरी ताटातली पोळी. वहीत लिहिलं तेव्हा कळलं की हे रोजचं दीडशे-दोनशे कॅलरींचं, बिनभुकेचं, उभ्याने केलेलं जेवण होतं. अन्न वाया जाऊ नये हे मलाही जिवापाड वाटतं. त्यासाठी ते माझ्या पोटातच जायला हवं असं नाही. कुकरला दोन वाट्यांऐवजी दीड वाटी तांदूळ लावायला लागले. पोळ्या विचारून करते. तरी उरलंच तर स्टीलच्या डब्यात घालून लगेच फ्रीजमध्ये, सकाळी त्याचाच फोडणीचा भात किंवा कुस्करा होऊन माझ्या नाश्त्याच्या डब्यात जातो. रात्री अकराला नको असलेलं तेच अन्न सकाळी साडेनऊला उपयोगी पडतं.

हे सगळं झाल्यावरही सव्वाअकराची ओढ उरलीच. पोट भरलेलं असायचं, तरी पाय स्वयंपाकघराकडे वळायचे. मॅडमनी एक प्रश्न शिकवला : आत्ता कुणी साधा वरणभात दिला तर खाशील का? उत्तर हो असेल तर भूक खरी, मग बसून, वाटीत घेऊन, काहीतरी साधं खायचं; कपभर दूध, एखादा पेरू किंवा चार बदाम. बंदी नाही. उत्तर ‘वरणभात नको, चिवडाच हवा’ असं असेल तर मागणी पोटाची नाही.

मग कशाची? वहीतला शेवटचा रकाना, ‘त्या क्षणी काय चाललं होतं’, तो वाचत गेल्यावर मला ते दिसलं. एकटी. शांत. सगळे झोपले. पहाटे सव्वापाचपासून त्या क्षणापर्यंत मी कुणाची तरी काहीतरी असायचे. सून, बायको, आई, अकाउंट्सवाली. सव्वाअकरा ते बारा एवढाच वेळ मला कुणी हाक मारत नव्हतं. तो वेळ मला इतका प्रिय होता की तो वाढवायला मी झोप तोडत होते, आणि चिवड्याची वाटी हे त्या बसण्याचं निमित्त होतं. हे कळल्यावर तो वेळ मी सोडला नाही, पुढे ओढला. आता पावणेदहा ते साडेदहा मी गॅलरीत क्रोशाचं विणकाम घेऊन बसते, आणि त्या वेळात मला हाक मारायची नाही हे मी घरात स्पष्ट सांगितलं आहे. दोरा आणि सुई हातात असली की वाटीत हात जात नाही, हा फायदा वेगळाच. ज्या बाईला दिवसाउजेडी स्वतःचा अर्धा तास मिळत नाही ती तो रात्री शोधणार आणि खाण्याच्या सोबतीने काढणार, असं मला मनापासून वाटतं. वजनाच्या गोष्टी करणाऱ्यांनी तिला आधी विचारावं की दिवसातून तू एकटी कधी बसतेस?

चिवडा-लाडवाचे डबे मी फेकले नाहीत. घरात मुलगा आहे, पाहुणे येतात. फक्त ते ओट्यावरून वरच्या फडताळात गेले, स्टुलावर चढावं लागेल अशा ठिकाणी. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. जेवण झाल्यावर लगेच दात घासायची सवयही लावली. तोंड स्वच्छ झालं की पुन्हा खरकटं करावंसं वाटत नाही.

झोपेचं मी सुरुवातीला मनावर घेतलं नव्हतं. बारा-सव्वाबाराला झोपून सव्वापाचला उठणं म्हणजे पाच तास. शिकागो विद्यापीठात २००४ साली १२ निरोगी तरुणांवर एक लहानसा प्रयोग झाला होता : दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, आणि ओढ लागली ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. त्या ओळी वाचताना मला दुसऱ्या दिवशी दुपारी चारला हवीहवीशी वाटणारी बिस्किटं आठवली. आता पावणेअकराला दिवे बंद. साडेसहा तास होतात. अजून अर्धा तास हवा आहे, पण सकाळच्या गाडीपुढे इलाज नाही. जेवण आणि झोप यांत दोन तास मिळायला लागले तशी पहाटेची आंबट ढेकर आणि छातीतली जळजळही गेली. त्यासाठी मी वर्षानुवर्षं गोळी घेत होते.

सणवार आले तेव्हा खरी परीक्षा झाली. मार्गशीर्षातले गुरुवार मी लग्न झाल्यापासून करते. दिवसभर उपवास, मध्ये साबुदाण्याची खिचडी, आणि रात्री नैवेद्याचं गोडाधोडाचं जेवून उपवास सोडायचा. वहीत पाहिलं तर त्या दिवसांची रात्र सगळ्यात जड. व्रत सोडायचा प्रश्नच नव्हता. दुपारी खिचडीच्या जागी दही आणि राजगिऱ्याची भाकरी, संध्याकाळी साडेपाचला ताक आणि फळ ठेवलं, म्हणजे रात्री पानावर बसताना जीव कासावीस झालेला नसतो आणि नैवेद्याची एक वाटी खीर समाधानाने खाता येते. दिवाळीचा फराळही आम्ही संध्याकाळी चार-साडेचारला, सगळ्यांनी बसून खाल्ला. चकली सोडून दिवाळी काढायला मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलंच नसतं.

वजन सरळ रेषेत उतरलं नाही. पहिल्या दोन महिन्यांत तीन किलो गेलं, मग वेग मंदावला, आणि जानेवारी ते मार्च काटा ६९ वर अडकून बसला. मॅडमनी काटा बाजूला ठेवून टेप हातात दिली. कंबर त्या तीन महिन्यांतही उतरत होती. तेव्हाच रात्रीच्या जेवणानंतर सोसायटीच्या आवारात आईंबरोबर पंधरा-वीस मिनिटं चालायला सुरुवात केली. जेवणानंतरच्या हलक्या चालण्याने साखर कमी चढते, आणि आईंचे गुडघेही मोकळे झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात आठवड्याला अर्धा किलो उतरणं सुरक्षित म्हटलंय, आणि आहार १००० कॅलरींच्या खाली नेऊ नका असं बजावलंय. महिन्याला आठ-दहा किलोच्या जाहिराती स्टेशनाबाहेर लागलेल्या असतात, त्या बघून मला काळजी वाटते. तसं उतरवलेलं वजन स्नायूही घेऊन जातं, आणि उपाशी ठेवलेलं शरीर पुन्हा रात्रीच वसुलीला येतं.

आमच्या ऑफिसात काहीजण डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितल्याप्रमाणे दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवतात आणि त्यांना ते जमलं आहे. माझी वाट वेगळी निघाली. प्रत्येकाचा दिवस वेगळा असतो, म्हणून मी कुणाला माझा तक्ता देत नाही. वही लिहा म्हणते. एका बाबतीत मात्र कळकळीचं सांगणं आहे. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता रात्रीचं खाणं बंद करू नये, साखर एकदम उतरू शकते आणि झोपेत ते कळतही नाही. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, वाढीच्या वयातली मुलं यांचंही तसंच. माझा मुलगा हल्ली अभ्यासाला बारापर्यंत जागतो, त्याच्यासाठी रात्री दूध, केळं, कधी पोळीचा रोल मी स्वतः ठेवते.

शेवटच्या तपासणीत एचबीएवनसी ५.६ आलं, कंबर ८९. डॉक्टर समाधानी आहेत, पण कंबर ८० च्या दिशेने अजून यायला हवी म्हणतात, आणि आता आठवड्यातून दोन दिवस वजन उचलायचे व्यायाम सुरू करायला सांगितलेत.

सध्या माझ्या डोक्यात नणंदेचा विषय आहे. ती नाशिकला नर्स आहे, रात्री आठ ते सकाळी आठ ड्यूटी. तिला ‘रात्री खाऊ नकोस’ हा सल्ला कसा लागू पडणार? पण २०२१ साली अमेरिकेत १९ जणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवून पाहिलं होतं. ज्यांनी रात्रीही खाल्लं त्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली, ज्यांनी खाणं दिवसाच्या वेळांत ठेवलं त्यांची वाढली नाही. प्रयोगशाळेतलं वॉर्डात जसंच्या तसं येणार नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी तिने ड्यूटीला निघायच्या आधी सातला नीट जेवायला सुरुवात केलीय, आणि पहाटे तीनच्या चहा-क्रीम बिस्किटांऐवजी मध्यरात्रीच्या आधी सूप किंवा ताक घेते. वहीही लिहितेय. पुढच्या महिन्यात ती कल्याणला येणार आहे, तेव्हा तिची वही घेऊन आम्ही दोघी त्याच मॅडमकडे जाणार आहोत.